तिने सुईण दोनदा निवडली

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे उस्ताद म्हणत. कौतुकाने नव्हे. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिच्या हातून एक महागडी काच फुटली आणि मालक दारातून म्हणाले, "वा, उस्ताद!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिचा हात बसला, अर्ध्या शहराच्या नाकावर तिने घासलेल्या काचा चढल्या, नाव मात्र तेच राहिलं. फक्त त्यातली टिंगल हळूहळू झिजून गेली.

दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, दिवे आणि गोड बोलणारी माणसं. मागे एक अरुंद खोली, तिथे उस्ताद. काच गोल येते, ती फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत तिची कड चाकावर घासायची. चाकावर सतत पाणी ठिबकत असतं. जरा जास्त घासली गेली की काच फ्रेममध्ये खुळखुळते, जरा कमी घासली की बसायलाच तयार नसते. दिवसभर हेच. तिला ते आवडायचं, कारण या कामात कुणाशी बोलावं लागत नसे.

बोलायची सवय तिला घरातूनच नव्हती. तिचे वडील नाटकगृहात पडदा ओढायचं काम करत. रंगमंचाच्या मागे तोंडातून अवाक्षर काढायची बंदी. ती बंदी त्यांनी घरीही आणली होती, असं आत्या म्हणायची. उस्तादची आई ती रांगायला लागायच्या सुमारास तापाने गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही, मुलीला आंघोळी घातल्या, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, आणलं. कशात कसूर केली नाही. पण आईबद्दल विचारलं की एकच उत्तर: "चांगली होती." लहानपणी तिने शंभर तऱ्हांनी विचारून पाहिलं. उंच होती का? चांगली होती. रागीट होती का? चांगली होती. मग तिने नाद सोडला.

घरात आईचे दोन फोटो होते. दोन्हींत ती भलतीकडेच कुणाकडे तरी बघत होती.

लग्न उशिरा झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बडबड्या, उत्साही, "माझं सगळं आयुष्य वरखाली चाललंय" हा विनोद प्रत्येक नव्या माणसाला न चुकता ऐकवणारा. दोघांनी मुलाची आशा सोडून दिली होती आणि त्यावर बोलणंही बंद केलं होतं. अशात तिला दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नवरा तिथल्या तिथे रडला. ती रडली नाही. तिला एकदम, ध्यानीमनी नसताना, आईची आठवण आली. आठवण तरी कसली? आठवायला काही नव्हतंच. जिथे आठवण असायला हवी होती ती जागा दुखली, इतकंच.

त्यांच्या भागात एक जुनं प्रसूतिगृह होतं. वरच्या मजल्यावर डॉक्टर, खालच्या मजल्यावर सुईणी. रीतसर शिकलेल्या, पांढऱ्या कोटातल्या. प्रकृती ठीक असेल त्या बाईने खालच्या मजल्यावर आपली सुईण निवडायची, महिन्याच्या महिन्याला तिच्याकडेच जायचं आणि बाळंतपणही तिच्याच हाताखाली. काही वेडंवाकडं दिसलं तर जिना चढून डॉक्टर. निवडायच्या आधी हवं त्या सुइणीला भेटून घ्यायची मुभा होती. नवऱ्याने सुट्टी टाकली आणि भाजी निवडायला निघाल्यासारखा तयार झाला.

पहिली सुईण कामाची वाटली. सगळं विचारलं, सगळं टिपलं, पण मान काही संगणकावरून वर आली नाही. बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "हिच्याकडे बाळ झालं तर ते आधी स्क्रीनवर दिसेल."

दुसरी अगदी तरुण. तिला तिथे सगळ्या धाकटी म्हणत. बोलताना हात इतके हलवायची की टेबलावरचा कंबरेच्या हाडांचा नमुना तिच्याच कोपराने खाली पडला. ती खाली वाकून तुकडे गोळा करत म्हणाली, "घाबरू नका हं, खऱ्या बाईशी मी असं वागत नाही." नवरा हसून बेजार झाला. मग ती खुर्चीत नीट बसली आणि उस्तादला म्हणाली, "ताई, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"कशाचीच नाही," उस्ताद म्हणाली.

धाकटी थांबली. चांगली बराच वेळ थांबली. उस्तादने खिडकीबाहेर बघितलं.

"हीच!" नवरा रस्त्यात म्हणाला. "अगं, हिने तुला विचारलं, आणि ऐकायला थांबली. मला तर वाटलं, मीच सांगतो माझ्या भीती."

ठरल्यातच जमा होतं. पण त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर आत्या म्हणाली, "त्याच दवाखान्यात ना? तिथे एक सुईण होती, गालावर मोठा तीळ असलेली. तुझ्या वेळी तीच होती तुझ्या आईजवळ. आता असेल का गं अजून? तेव्हा अगदी पोरगेली होती."

उस्तादने फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर प्रसूतिगृहात गेली. तीळ असलेली सुईण होती. केस पांढरे, गुडघे दुखरे, सगळ्या तिला थोरली म्हणत. उस्तादने तिला काहीही विचारलं नाही, नोंदणीच्या खिडकीवर जाऊन तिचं नाव नोंदवून आली.

"अगं पण का?" नवऱ्याने विचारलं.

"बरी वाटली."

"भेटलीस किती वेळ?"

"बरी वाटली म्हणाले ना."

तो गप्प बसला. त्याला गप्प बसलेलं बघायची तिला सवय नव्हती, आणि ते तिला लागलं, तरीही तिने खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिलाच बालिश वाटलं असतं.

थोरलीकडे जाणं सुरू झालं. थोरली कमी बोलायची. पोटावर तळवे ठेवून डोळे मिटायची, जणू भिंतीपलीकडचं काही ऐकतेय. हात कोरडे, उबदार, बोटांची पेरं सुजलेली. उस्ताद टेबलावर पडून त्या हातांकडे बघत राहायची. या हातांनी मला पहिल्यांदा धरलं. हे हात आईने घट्ट आवळले असतील. आईला इतकं जवळून बघितलेल्या माणसांपैकी ही एक, आणि आता ती माझ्या पोटावर टेप लावून मोजतेय. प्रश्न ओठांवर यायचा आणि थोरली म्हणायची, "उठ, झालं. पायांना सूज नाही ना?" की प्रश्न आत.

दोन खेपा अशा गेल्या. तिसऱ्या खेपेला थोरलीनेच टेप गुंडाळून खिशात घातला आणि स्टूल ओढून बसली.

"एक सांग. तू मला का निवडलंस?"

उस्ताद उठून बसली आणि ओढणी सारखी करू लागली.

"तू इथे येतेस आणि माझ्याकडे अशी बघतेस, जणू मी कुणाला तरी कुठे लपवून ठेवलंय."

मग मात्र बांध फुटला. आत्याचा फोन, तीळ, फोटो, 'चांगली होती', सगळं तिने सांगून टाकलं. आयुष्यात ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "काहीही चालेल. ती कशी ओरडली, काय म्हणाली, मला बघून हसली का. काहीही सांगा."

थोरलीने तिचा हात हातात घेतला. "नाही गं आठवत," ती म्हणाली.

"थोडंसं?"

"काहीच नाही. तुझ्या आईचं नाव सांगितलंस, चेहरा सांगितलास, मी आत शोधून बघितलं. नाही. इतक्या जणी येऊन गेल्या. ज्यांचं काही बिनसलं त्या आठवतात, ज्यांचं सुरळीत झालं त्या हसत घरी जातात आणि माझ्याकडे काही ठेवून जात नाहीत. तुझ्या आईचं सुरळीत झालं असणार."

उस्ताद भिंतीकडे बघत होती. थोरली म्हणाली, "मी तुला काहीतरी रचून सांगू शकले असते. तुला कळलंही नसतं. पण एक गोष्ट सांगते, ती आठवणीतून नाही, सवयीतून. त्या काळी इथे मूल झालं की लगेच उचलून पलीकडच्या खोलीत नेत, धुऊन पुसून गुंडाळून आणत. मला ते पटायचं नाही. मी मूल आधी आईच्या छातीवर ठेवायची, तसंच, ओलं. त्यावरून वरच्यांची बोलणी खाल्ली, पण एकदाही चुकवलं नाही. म्हणजे तू तिच्या छातीवर होतीस. तिचे हात तुझ्या पाठीवर होते. हे मला आठवत नाही, पण माहीत आहे."

उस्तादने मान हलवली.

"आता माझं ऐक," थोरली म्हणाली. "मी तुझं बाळंतपण करीन, नीट करीन. पण कळा सुरू झाल्या की तुझं लक्ष माझ्या तोंडाकडे राहील, स्वतःच्या अंगाकडे नाही. तू तेव्हाही माझ्यात दुसऱ्याच कुणाला शोधत बसशील. तुला अशी बाई हवी जी फक्त तुझी सुईण असेल. पुन्हा विचार कर. मला वाईट वाटणार नाही."

त्या दिवशी उस्ताद बसने न जाता चालत निघाली. घरी न जाता वडिलांकडे गेली. वडील निवृत्त होऊनही दुपारभर पडदे ओढूनच बसत. तिने ते सरकवले, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी झाले तेव्हा त्यांनी मला आईच्या छातीवर ठेवलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं?"

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. "आत सोडत नव्हते पुरुषांना."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"खाली. आवारात."

ती वाट बघत राहिली. धाकटी थांबली होती तशी. वडिलांनी गुडघ्यावरची न पडलेली धूळ झटकली. मग, कुणाला तरी पडद्यामागून हळूच सूचना द्यावी तशा आवाजात, ते बोलू लागले.

"थंडी होती. बाळंतिणी तेव्हा वरच्या मजल्यावर असत, मी खिडकीखाली उभा होतो. वरची एक बाई आली आणि खूण केली, मुलगी म्हणून. मग ती स्वतः आली. उठू नको म्हणत असतील, तरी उठून आलेली. तुला उचलून काचेला लावलं. तू म्हणजे नुसतं एक लाल तोंड. आणि ती काहीतरी म्हणाली."

"काय म्हणाली?"

"खिडकी बंद होती ना. ओठ हलले, एवढंच दिसलं. बरंच बोलली. मी मान हलवली. कळल्यासारखी." ते थांबले. "ती इतकी खुशीत होती, मला काही ऐकू येत नाही म्हणून कसं सांगणार? म्हटलं, घरी आली की विचारू. घरी आली तर तुझं दूध, तुझं रडणं, माझे प्रयोग. तिला वाटत होतं मला कळलंय. एकदा म्हणालीसुद्धा, 'खिडकीतून सांगितलं ते लक्षात आहे ना?' मी म्हटलं, हो. मग कसं विचारणार? म्हटलं, कधीतरी निवांत असताना विचारू."



"अजून डोक्यात तेच असतं," वडील म्हणाले. "रोज नवीन काहीतरी वाटतं. कधी वाटतं, तुझ्या नाकाबद्दल बोलली असेल. कधी वाटतं, घरून शाल आणा एवढंच म्हणाली असेल. तू विचारायचीस ना, आई कशी होती. मला वाटायचं, जे मुख्य ते मलाच माहीत नाही, तर पोरीला काय सांगू?"

उस्ताद उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की वडिलांकडे आईचा मोठा साठा आहे आणि ते तो कुलपात ठेवून बसलेत. आता दिसलं की तेही तिच्यासारखेच, दाराबाहेर ताटकळत उभे आहेत. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, वेणी सैल झाली आहे का ते बघावं तसा.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "मला सांगायचं होतंस गं," तो म्हणाला. "मी काय हसलो असतो?"

"तू विनोद केला असतास."

"तो तर केलाच असता," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

पुढच्या आठवड्यात ती धाकटीकडे गेली. एकटीच. हाडांचा नमुना डिंकाने चिकटवून पुन्हा टेबलावर ठेवला होता, एक हाड उलटं. धाकटीने तिला बघून तोंड भरून हसून बसवलं, आणि आधी कुणाकडे होतात, का सोडलं, असलं एकही अक्षर विचारलं नाही.

"तुम्ही मला विचारलं होतं," उस्ताद म्हणाली, "कशाची भीती वाटते म्हणून."

"हो, ताई. आणि मला अगं-तुगं करा."

"मला भीती वाटते की मी लवकर गेले तर याला माझं काही म्हणजे काही आठवणार नाही. मी याच्यासाठी कुणीच नसेन. आणि तरी हे मूल जन्मभर मला शोधत बसेल."

धाकटीचे हलते हात मांडीवर स्थिर झाले. 'छे छे, असं बोलू नये' असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "आज माझ्याकडे वेळ आहे. सांगा." आणि उस्तादने सांगितलं. मध्ये धाकटीने चहा आणला, तो सांडला, पुसला, पुन्हा आणला. जाताना उस्तादने खिडकीवर जाऊन नाव बदलून घेतलं. थोरली समोरूनच चालली होती. तिने लांबूनच ते पाहिलं, एकदा मान डोलावली आणि गुडघा सांभाळत पुढे गेली.

बाळंतपण सकाळच्या उन्हात झालं. थोरली त्या दिवशी रजेवर होती. खोलीत जाडसर गादी, एक मोठा चेंडू, भिंतीला धरायला लाकडी दांडा. धाकटी त्या दिवशी वेगळीच होती. तेच हलते हात आता कुठे पडायचे तिथे अचूक पडत होते. कंबरेवर दाब, मानेवर ओला रुमाल. नवऱ्याला तिने उस्तादच्या मागे बसवलं आणि सांगितलं, "तुम्ही खुर्ची आहात. खुर्ची बोलत नाही." त्यानेही खरोखर हूं की चूं केलं नाही.

कळा वाढत गेल्या. बापाच्या हाताखाली वाढलेल्या उस्तादच्या तोंडून ठेच लागली, बोट कापलं, भाजलं, तरी कधी 'आई गं' निघालं नव्हतं. निघायचं ते 'बाप रे'. त्या सकाळी एक कळ अशी आली की ती दांड्याला लोंबकळली आणि तिच्या तोंडून निघालं, "आई गं!" तो आवाज तिचा तिलाच परका वाटला. पुढच्या कळेला पुन्हा तेच. मग तिने स्वतःला आवरलं नाही. हाक मारतच राहिली, जितक्या मोठ्याने मारता येईल तितक्या, इतक्या वर्षांच्या साठलेल्या सगळ्या हाका. धाकटी म्हणत होती, "हां, मारा हाक. लांब मारा. आता खाली जोर." उत्तर कुठून आलं नाही. पण हाक मारायला अंगात इतकी ताकद आहे हे तिला कळलं, आणि त्याच ताकदीवर मुलगी झाली.

धाकटीने ती तशीच, ओली, तिच्या छातीवर ठेवली. उस्तादचा हात आपोआप त्या पाठीवर गेला. केवढीशी पाठ. खुर्ची मागे हुंदके देऊन रडत होती.

आता सगळं भरून निघालं, असं वाटेल. तसं झालं नाही. उलट पहिल्या दिवसांत तिला आई कधी नव्हे इतकी हवीशी झाली. बाळ दूध नीट ओढत नव्हतं तेव्हा हवी होती, ओढू लागलं तेव्हा दाखवायला हवी होती. धाकटी घरी तपासायला येई, तेव्हा उस्ताद तिच्याजवळ हे बोलली. "कमी होईल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "नाही होत बऱ्याच जणींचं," धाकटी बाळाची बेंबी पुसत म्हणाली. "आई जवळ राहत असली तरी नाही होत."

काही महिन्यांनी ती कामावर परतली. मुलीला सांभाळायला वडील येऊ लागले. दुकानात मालकांनी "या, उस्ताद!" म्हणून स्वागत केलं आणि साठलेल्या कामाचे ट्रे समोर ठेवले. तिने चाक सुरू केलं. पाणी ठिबकू लागलं. हातांना सगळं आठवत होतं.

दुपार कलत असताना, एका जाड काचेची कड घासता घासता, तिला पान्हा फुटला. कारण काहीच नव्हतं. कुणी रडलं नव्हतं, मुलीचा विचारही मनात नव्हता. कुर्ता भिजला. आणि मागोमाग छातीतून अशी ओढ उठली की तिला चाक बंद करावं लागलं. ही ओढ तिच्या चांगल्या ओळखीची होती. जन्मभर तिच्याबरोबरच राहिली होती ती, पण एकाच दिशेची. मूल आईकडे ओढलं जातं, तेवढीच तिला माहीत. आई मुलाकडे अशी ओढली जाते, अंगाने, कपडे भिजवून, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिची आईही कुठेतरी, भाजी घेताना, बसमध्ये, अशीच थांबली असेल. तिच्यासाठी.

ती तशीच उठली, ओढणी लपेटून घेतली आणि मालकांना म्हणाली, "आज लवकर जाते."

"काम पडलंय, उस्ताद."

"उद्या करते," म्हणत ती दाराबाहेर पडलीसुद्धा.

वडिलांनी दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवून. मुलगी आत्ताच झोपली होती. उस्तादने चपला बाहेरच काढल्या, हात धुतले, आणि पाळण्याशेजारी जमिनीवर बसली. मुठी मिटलेल्या, तोंड किंचित उघडं. उठवायचा फार मोह होत होता. तिने उठवलं नाही. छाती भरून आलेली घेऊन, ती मुलगी उठायची वाट बघत बसली.